शाराकू खरंच एवढा थोर, की आपण उगाच माना डोलावतोय?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

काबुकी या जपानच्या लोकप्रिय नाट्यप्रकारातल्या नटांच्या ठसाचित्रांचा विषय निघाला की दुसऱ्या मिनिटाला शाराकूचं नाव येतं. नाव माहीत नसलं तरी तो चेहरा तुम्ही पाहिलेला असणार. आवळलेले ओठ, नाकाकडे वळलेली बुबुळं, पुढे काढलेली मान आणि किमोनोच्या आतून बाहेर आलेले दोन फाकलेले पंजे. मगवर, टी-शर्टवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर, सगळीकडे तोच. नट ओतानी ओनिजी तिसरा, भूमिका एदोबेई नावाच्या गुंडाची, साल १७९४.

हा शाराकू १७९४च्या उन्हाळ्यात एदोत (आजचं टोकियो) अचानक उगवला, दहाएक महिन्यांत त्याच्या सहीची १४०हून जास्त चित्रं निघाली आणि १७९५च्या सुरुवातीला बुवा गायब. आगा ना पिछा. पुढे १९१० मध्ये युलिउस कुर्ट या जर्मन अभ्यासकाने त्याच्यावर पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून पाश्चात्त्यांनी याची जी पालखी उचलली ती अजून खाली ठेवलेली नाही.

माझं म्हणणं जरा उलटं आहे. ही चित्रं कोणी दिवाणखान्यात लावायला काढत नव्हतं. नाटक चालू आहे तोवर त्या नटाचे चाहते विकत घेतील म्हणून काढत. किंमत साधारण सोबा नूडल्सच्या एका वाडग्याएवढी. घेणारी माणसं ते नट दर हंगामात डोळ्यांनी बघत होती. त्यांनी शाराकूला चालू दिलं नाही आणि त्याच वर्षी पुढे आलेल्या उतागावा तोयोकुनी या चित्रकाराला उचलून धरलं. म्हणजे ज्यांनी नट पाहिले होते त्यांना शाराकू पटला नाही, आणि त्यातला एकही नट न पाहिलेले आपण त्याला जगातला थोर व्यक्तिचित्रकार म्हणतो. ऐकायचं कोणाचं?

मी तोयोकुनीच्या बाजूने. या आता.

वांगीभात

मी पयला. खुर्ची टाकून बसलोय.

चिंचपेटी

मला जपानी चित्र म्हटलं की ती एक लाट माहीत आहे, बास. नटांचीही असतात हे आजच कळलं. एक बाळबोध शंका: ही हाताने रंगवलेली असतात की छापलेली?

ठोकळा

@चिंचपेटी, छापलेली, पण यंत्राशिवाय. जेजेत मुद्राचित्रण शिकलोय, त्यामुळे या विषयावर मला थांबवणं अवघड जातं, आधीच सांगतो.

यात चार माणसं लागतात. प्रकाशक पैसे लावतो आणि कोणाला काय काढायचं ते ठरवतो. चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईत रेषा काढून देतो. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवतात आणि कोरणारा त्या कागदासकट कोरतो. म्हणजे चित्रकाराच्या हातचं मूळ रेखाटन तिथेच संपलं. मग प्रत्येक रंगाची वेगळी फळी. सगळे रंग एकावर एक नेमके बसावेत म्हणून प्रत्येक फळीवर एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि जवळच्या कडेला एक सरळ खाच असते, कागद त्यात टेकवायचा. छापणारा फळीवर पाण्यातला रंग आणि भाताची खळ ब्रशने पसरतो, वर तुतीच्या सालीचा कागद ठेवतो आणि बारेन नावाच्या चपट्या चकतीने घासतो. झालं. आम्ही कॉलेजात रोलरने तेलकट शाई लावायचो आणि ती कागदावर साय धरल्यासारखी बसायची. इथे रंग कागदाच्या आत जातो.

डोकं कोरायचं काम कारखान्यातल्या मुरलेल्या कारागिराचं. कपाळाच्या कडेचे केस त्वचेत मिसळतात तिथल्या रेषा भिंगातून बघा. उरलेले कपडेलत्ते शिकाऊ पोरं कोरायची. त्यामुळे 'शाराकूची रेषा' म्हणून आपण जिचं कौतुक करतो ती अर्धी कोरणाऱ्याची आहे, आणि त्या कोरणाऱ्याचं नाव चित्रावर कुठेही नाही.

आता धाग्याकडे. बोरूबहाद्दर, तुम्ही ओनिजी मगवर पाहिलात की प्रत्यक्ष? कारण मागची ती मळकट करडी पार्श्वभूमी छापील पुस्तकात दिसते तशी नाहीच. ते अभ्रक आहे. गुलालात चमकी असते ना, तशी बारीक पूड खळीवर बसवलेली. समोर उभं राहिलं की काळपट, एक पाऊल बाजूला सरकलं की सगळी पाटी चांदीसारखी उजळते आणि चेहरा पुढे येतो. मेणबत्तीच्या नाहीतर तेलाच्या दिव्याच्या उजेडात ते काय दिसत असेल! आणि ही ऐश एका नवख्या चित्रकारासाठी, एका दमात २८ चित्रांवर.

बोरूबहाद्दर

ठोकळा, प्रतिसाद एक नंबर. प्रत्यक्ष पाहिलंय, पण काचेमागे आणि अंधारात. अभ्रक प्रकाशकाचं, केस कोरणाऱ्याचे. मग शाराकूचं काय उरलं? मुद्दा माझ्याच खात्यात जमा करतो.

ठोकळा

चेहरा उरला की हो.

शंकासुर

धागाकर्त्याला एकच प्रश्न. 'चालू दिलं नाही' हे कशावरून? विक्रीची वही सापडली आहे का?

सगळे जण जे ठोकून देतात त्याच्या मुळाशी ओता नान्पो या त्या काळच्या लेखकाने केलेली एक टिपण आहे. आशय असा, की या माणसाने नटांचे हुबेहूब चेहरे काढले, पण खरेपणाच्या नादात नको तसं काढलं, म्हणून एक-दोन वर्षांतच थांबला. एका माणसाचं मत. त्यावरून आपण अख्ख्या एदोचा कौल लावतो.

निशीकासाईकर

टोकियोत बरीच वर्षं आहे, काबुकीचा नाद इथेच लागला. थोडी पार्श्वभूमी देतो म्हणजे १७९४ साल डोळ्यांपुढे येईल.

एदोत परवाना असलेली मोठी नाटकघरं तीन: नाकामुरा-झा, इचिमुरा-झा आणि मोरिता-झा. १७९४ पर्यंत तिन्ही कर्जात बुडून बंद. त्यांच्या जागी राखीव परवान्यावरची तीन चालू होती: मियाको-झा, किरी-झा, कावाराझाकी-झा. वर सरकारी काटकसरीची मोहीम, चैनीवर डोळा. म्हणजे धंदा मंदीत.

शाराकूचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो. फार वरचा माणूस, चित्रकार उतामारोला वर आणणारा. पण १७९१ मध्ये सान्तो क्योदेन या लेखकाची पुस्तकं छापल्याबद्दल सरकारने त्याची निम्मी मालमत्ता जप्त केली होती. त्याला काहीतरी दणदणीत हवं होतं. म्हणून पाचव्या महिन्यात तिन्ही नाटकघरांतल्या नाटकांवर एकदम २८ मोठे चेहरे, अभ्रकासकट. (एनएचके या जपानी दूरचित्रवाणीची २०२५ची वर्षभराची ऐतिहासिक मालिका याच त्सुतायावर होती, इथे पुस्तकांच्या दुकानांत वर्षभर नुसता त्सुताया.)

पुढचं मात्र धागाकर्त्याच्या बाजूने जातं. दुसऱ्या खेपेत, सातव्या-आठव्या महिन्यात, चेहरे जाऊन पूर्णाकृती आल्या. अकराव्या महिन्यात, म्हणजे नाटकघरं नव्या हंगामाचा नटसंच लोकांपुढे आणतात तेव्हा, बहुतेक छोटे उभे कागद, मागे झाडं नि पडदे. नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात उरलंसुरलं, आणि खेळ खलास. शेवटची काही बघवत नाहीत. हात आखडलेले, चेहरे एकाच साच्यातले. पहिली खेप ज्याने काढली त्याच माणसाने ही काढली यावर विश्वास बसत नाही, आणि खरोखरच अनेकांचा बसत नाही.

उनाडपाऊस

आला! 'शाराकू नक्की कोण' हा विषय आला! मी याचीच वाट बघत होतो. होकुसाई, उतामारो, तोयोकुनी, खुद्द त्सुताया... सगळ्यांवर आळ घेऊन झालाय. माझं मत होकुसाई.

निशीकासाईकर

उनाडपाऊस, होकुसाईने कात्सुकावा घराण्यात शिकत असताना शुन्रो नावाने नटांची चित्रं काढली हे खरं. (चिंचपेटी, तुमच्या लाटेवाला हाच.) पण ती बघा, शाराकूशी काही नातं नाही.

आजचं बहुमत एकाच नावावर आहे: साइतो जूरोबेई. आवाच्या, म्हणजे आजच्या तोकुशिमाच्या सरदाराच्या पदरी असलेला नो नाट्याचा नट. १८४४ मध्ये साइतो गेश्शिनने ते लिहून ठेवलं. अशी कोणी व्यक्ती होती का, यावरच बरीच वर्षं वाद होता. मग १९९७ मध्ये कोशिगायाच्या एका मंदिरातल्या मृतांच्या नोंदवहीत आवा सरदाराच्या चाकरीतला, हाचोबोरीत राहणारा जूरोबेई सापडला. मृत्यू १८२०, वय ५८. नो म्हणजे सरदारांची कला, काबुकी बाजारातली. तिकडच्या नोकराने इकडच्या नटांची चित्रं विकणं शोभणारं नव्हतं, त्यामुळे नाव लपवायला कारणही होतं.

उनाडपाऊस

म्हणजे एक नट दुसऱ्या नटांची तोंडं रंगवत होता. आता सगळं समजलं. नाट्यस्पर्धेच्या मध्यंतरात चहाच्या टेबलावर जे चालतं तेच.

वांगीभात

हहपुवा.

पडद्यामागे

उनाडपाऊस गमतीत बोलले, पण मला ते गंभीरपणे घ्यावंसं वाटतंय. हौशी रंगभूमीवर आयुष्य गेलं, बहुतेक विंगेत.

ती २८ चित्रं ओळीने पाहिलीत तर एक गोष्ट खटकते. यात फक्त तारे नाहीत. नाकाजिमा वादाएमोन आणि नाकामुरा कोनोझो या जोडीचं चित्र बघा. एक हडकुळा, एक गोलमटोल. दोघंही दुय्यम नट. यांचं चित्र विकत घ्यायला कोण रांग लावणार होतं? पण त्या चित्रातला हडकुळ्याचा केविलवाणा चेहरा आणि जाड्याचे घट्ट मिटलेले ओठ मी विसरू शकत नाही. हे असे नट मी रोज पाहिलेत. तीन वाक्यांची भूमिका, आणि त्या तीन वाक्यांसाठी तासभर आधी येऊन रंगून बसलेले.

आणि ओनिजीबद्दल. तो एकटा बघू नका. त्याच्या जोडीचं चित्र आहे, इचिकावा ओमेझोचं, भूमिका इप्पेई. इप्पेईकडे धन्याची रक्कम आहे आणि एदोबेई ती लुटायला आलाय. ओमेझो तलवार उपसतोय. दोन्ही कागद शेजारी ठेवले की ते पंजे कोणावर उगारलेत ते कळतं. मगवर अर्धाच प्रवेश छापलेला असतो.

हात शरीराच्या मानाने लहान आहेत, मनगटं कुठून निघाली ते समजत नाही, हे सगळं मान्य. पण काबुकीत अशा क्षणी नट गोठतो, डोळे तिरळे करतो आणि प्रेक्षकांतून त्याच्या घराण्याच्या नावाने आरोळी येते. तो क्षण शरीरशास्त्राला धरून नसतोच मुळी.

काकूबाई

पडद्यामागे, फार सुंदर लिहिलंत.

मला मात्र स्त्रीभूमिकांबद्दल बोलायचंय. काबुकीत बायकांना १६२९ मध्ये बंदी झाली, मग तरुण मुलग्यांनाही १६५२ मध्ये, आणि प्रौढ पुरुषच स्त्रिया रंगवू लागले. त्यांनी कपाळावरचे केस भादरायचे, ही अट. तो भादरलेला भाग झाकायला जांभळ्या रेशमाचा तुकडा बांधत. नटांच्या चित्रात एखादी देखणी बाई दिसली आणि तिच्या कपाळावर जांभळा चौकोन असला, तर समजा तो पुरुष आहे. बहुतेक चित्रकार तेवढी एक खूण ठेवून बाकी अगदी बाई काढत. शाराकूने मात्र दाढेचं हाड, थकलेले डोळे, वाढलेलं वय, सगळं ठेवलं. दुसऱ्या सेगावा तोमिसाबुरोचं चित्र बघा. घराची करडी मोलकरीण वाटते, नाजूक सौंदर्यवती नाही.

आता कल्पना करा, बालगंधर्वांचं असं चित्र त्या काळात पुण्यात कोणी काढून विकायला ठेवलं असतं तर? आमची आजी तर त्या दुकानापुढून चालली नसती. बायका त्यांच्यासारखं नेसायच्या, त्यांच्यासारखे दागिने घडवायच्या. तिकडेही तेच. सेगावा किकुनोजो दुसऱ्याच्या नावाने तपकिरी रंगाची एक छटाच रूढ झाली होती. सानोगावा इचिमात्सुने रंगमंचावर चौकड्यांचा किमोनो घातला आणि ती नक्षी आजतागायत त्याच्या नावाने ओळखली जाते.

चिंचपेटी

थांबा, टोकियो ऑलिंपिकच्या बोधचिन्हात ते निळे चौकोन होते, तेच का?

काकूबाई

तेच. अठराव्या शतकातल्या एका नटाचं कापड.

गल्लीतला_समुराई

आणि माझ्या आवडत्या अ‍ॅनिमेच्या हिरोच्या अंगरख्यावर पण तेच. मातोश्रींना सांगतो, टी-शर्ट सांस्कृतिक आहे म्हणून.

शंकासुर

काकूबाई, गंधर्वांशी तुलना अर्ध्यापर्यंत ठीक. आपल्याकडे १९३३ला नाट्यमन्वंतरच्या वेळेपर्यंत वारं फिरलं होतं आणि काही वर्षांत पुरुषांनी लुगडं नेसायची प्रथा मुख्य रंगभूमीवरून गेलीच. काबुकीच्या मुख्य रंगमंचावर आजही स्त्रीभूमिका पुरुषच करतात, आणि ती वडिलांकडून मुलाकडे जाणारी विद्या आहे. त्यामुळे तिथे चित्रांची ही परंपराही लांबली.

रेशीमकिडा

धागा भारी चाललाय, मध्येच घुसतो. बहिणीने टोकियोच्या जिंबोचोतून एक जुनं नटाचं चित्र आणलंय. खरं आहे का ते कसं ओळखू? फोटो चढत नाहीये. वर्णन: उभा नट, काळा-पांढरा किमोनो, वर कडेला दोन छोटे गोल शिक्के, खाली लाल-पिवळ्या लांबट चौकटीत सही. एक अक्षर जपानी येत नाही.

निशीकासाईकर

रेशीमकिडा, लांबट चौकट म्हणजे उतागावा घराण्याची खूण, आणि दोन गोल शिक्के शेजारी शेजारी असतील तर ते सेन्सॉर अधिकाऱ्यांचे. ही जोडीची पद्धत १८४७ ते १८५३च्या आसपासची. तेव्हा हे बहुतेक कुनिसादाचं. तो १८४४ पासून गुरूच्या नावाने, म्हणजे तोयोकुनी म्हणूनच सही करायचा. घोटाळा नको म्हणून आपण त्याला तोयोकुनी तिसरा म्हणतो. बोरूबहाद्दर यांचा तोयोकुनी तो पहिला, १८२५ला गेलेला.

नट कोण ते बाहीवर बघा. गोल किंवा चौकोनात एक चिन्ह असेल. एकात एक तीन चौकोन असतील तर इचिकावा दान्जूरोचं घराणं.

रेशीमकिडा

तीन चौकोन आहेत!!! बहिणीला फोन लावतोय.

दादर_पश्चिम

रेशीमकिडा, आनंद साजरा करायच्या आधी भिंग घ्या. मला एका विक्रेत्याने 'एदोकालीन' म्हणून विकलेलं चित्र घरी आणून भिंगाखाली धरलं तर बारीक ठिपके ठिपके. साधी ऑफसेट छपाई. पैसे परत मागितले तर म्हणे, चौकट चांगल्या लाकडाची आहे ना साहेब.

ठोकळा

दादर_पश्चिम, चौकटीवर तरी विश्वास ठेवा.

@रेशीमकिडा, ठिपके नसतील तर कागद उलटा करा. खऱ्या ठशाच्या मागे रंग झिरपलेला दिसतो आणि बारेन घासल्याच्या गोल गोल खुणा तिरप्या उजेडात दिसतात. पण तेवढ्याने वय ठरत नाही. जुन्या चित्रांवरून नव्याने फळ्या कोरून, त्याच पद्धतीने हातानेच छापलेल्या प्रतीही भरपूर आहेत आणि चांगल्या आहेत. शाराकूच्या तर खूपच. वाईट काही नाही त्यात, फक्त पैसे त्या हिशेबाने द्यायचे.

चार्ल्सकाठ

बोस्टनहून हजेरी. रंगांचा विषय कोणीच काढला नाही म्हणून लिहितो.

नटांच्या जुन्या चित्रांत जे तपकिरी-करडं दिसतं ते बऱ्याचदा जांभळं होतं. निळा एका रानफुलाच्या रसाचा, लाल करडईच्या फुलांचा, दोन्ही उजेडात उडतात. काकूबाईंनी सांगितलेला कपाळावरचा जांभळा तुकडा अनेक संग्रहांत आज मातकट दिसतो तो त्यामुळे. म्हणून संग्रहालयं ही चित्रं मंद उजेडात आणि थोडेच आठवडे लावतात. धागाकर्ते अंधाराबद्दल तक्रार करत होते, त्यांच्यासाठी हे.

इथल्या ललितकला संग्रहालयात स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ मध्ये साडेसहा हजारांच्या आसपास ठसाचित्रं दिली, पण अट घातली की कधीही प्रदर्शनात लावायची नाहीत. खडूस वाटतं ना? पण त्यामुळेच त्यातले रंग काल छापल्यासारखे राहिलेत. आता संग्रह संगणकावर घरबसल्या बघता येतो. त्यातला गुलाबी आणि जांभळा एकदा पाहिला की आपण इतकी वर्षं भुतं बघत होतो असं वाटतं.

काकूबाई

रेशीमकिडा, तुमच्या चित्रातला नट आठवा दान्जूरो निघाला तर त्याची गोष्ट ऐकून ठेवा. वडील सातवे दान्जूरो, थाटामाटाची हौस भारी. १८४२च्या काटकसरीच्या फतव्यात चैनीच्या आरोपाखाली त्यांना एदोबाहेर घालवलं. त्याच वर्षी नटांची चित्रं छापायलाही बंदी आली. मग चित्रकारांनी पळवाटा काढल्या. कुनियोशीने काही वर्षांनी कोठाराच्या भिंतीवर खिळ्याने पोरांनी रेघोट्या ओढल्यात असं दाखवून त्यात नटांचे चेहरे आणले. मध्ये एक नाचणारं मांजर. सेन्सॉरने विचारलं तर सांगायचं, अहो भिंत आहे ती! कासवांनाही नटांची तोंडं दिली त्याने. आणि एदोतल्या पोराटोरांना प्रत्येक कासव कोण ते नावानिशी कळत होतं.

आठवा दान्जूरो बायकांचा अत्यंत लाडका. १८५४ मध्ये ओसाकात त्याने आत्महत्या केली, तिशी जेमतेम ओलांडलेली. कारण आजही कोणाला ठाऊक नाही. त्यानंतर त्याच्या श्रद्धांजलीची चित्रं निघाली, शंभराहून जास्त निरनिराळी. फिकट निळ्या पोशाखात तो, खाली मृत्यूची तारीख आणि स्मशानाचं ठिकाण. काहींत तर बुद्धाच्या महानिर्वाणाच्या चित्रासारखा तो मध्ये पहुडलेला आणि भोवती बायकांचा आकांत.

पडद्यामागे

भक्तीची ही पातळी लक्षात घेतली की शाराकूने काय करून ठेवलं ते कळतं. लोक देवाची तसबीर मागायला आले होते.

शंकासुर

शोकसभा झाली असेल तर मूळ प्रश्नाकडे येऊ का? चार दिवस विचार करून आलोय.

सगळ्यांनी गृहीत धरलंय की 'खरा चेहरा विकला जात नाही'. धागाकर्ता म्हणतो म्हणून शाराकू पडला, बाकीचे म्हणतात म्हणून तो थोर. मला हे गृहीतकच मान्य नाही. पुरावा देतो: एक नाक.

शाराकूच्या पहिल्या खेपेत तिसरा इचिकावा कोमाझो आहे, भूमिका शिगा दाइशिची नावाच्या खलनायकाची, नाटकघर किरी-झा. पांढरा चेहरा, काळा पोशाख आणि भलंथोरलं बाकदार नाक. त्याच नाटकात त्याचे वडील चौथे मात्सुमोतो कोशिरो, मासेविक्या गोरोबेईच्या भूमिकेत, हातात चिलीम. त्यांचंही चित्र शाराकूने काढलंय. पुढे १८०१ मध्ये हा मुलगाच पाचवा कोशिरो झाला. १८३८ला मेला तोवर एदोतला अव्वल खलनायक. आणि त्याचं नाक? तोयोकुनीने काढलं, कुनिसादाने काढलं, मुद्दाम बाजूने काढलं, जितकं मोठं काढता येईल तितकं काढलं. लोकांनी ते चाळीस वर्षं पैसे मोजून घेतलं. तो 'नाकवाला कोशिरो' म्हणूनच प्रसिद्ध होता.

तेव्हा एदोच्या लोकांना खऱ्या चेहऱ्याचं वावडं नव्हतं. कात्सुकावा शुन्शोने १७७० मध्ये बुन्चोबरोबर पंख्याच्या आकारात नटांचे ओळखू येणारे चेहरे काढले तेव्हापासून त्यांना हुबेहूब चेहऱ्याचीच चटक होती. त्याआधी तोरी घराण्यात सगळ्यांचे पाय भोपळ्यासारखे नि चेहरे एकसारखे, नट ओळखायचा तो बाहीवरच्या चिन्हावरून. खलनायकाचं नाक खपत होतं. अडचण आली ती काकूबाईंच्या जांभळ्या रुमालवाल्यांपाशी. तिथे लोकांना पुरुष नको होता. शाराकूने दोघांनाही एकच माप लावलं.

काकूबाई

शंकासुर, आज पहिल्यांदा तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. तारीख लिहून ठेवते.

बोरूबहाद्दर

शंकासुर, नाकाचा पुरावा दाखल करून घेतला. पण त्याने माझीच बाजू घट्ट होते. तोयोकुनीला कोणाचं नाक ठेवायचं आणि कोणाची हनुवटी झाकायची ते कळत होतं. नटाचं चित्र काढणाऱ्याला नटाचं प्रेक्षकांशी काय नातं आहे ते कळायला हवं, आणि तेही कौशल्यच आहे. त्याची १७९४ मध्ये सुरू झालेली रंगमंचावरच्या पूर्णाकृतींची मालिका बघा: मागे काही नाही, फक्त नट, आणि पाऊल असं पडलंय की पुढच्या क्षणी हा काय करणार ते समजतं. शाराकूचे पूर्णाकृती त्यापुढे कापडाचे गठ्ठे वाटतात. आणि निशीकासाईकर म्हणाले तशी शेवटची खेप कोणीही समोर ठेवावी आणि मग 'थोर' म्हणावं.

पहिले २८ चेहरे मात्र मी तुम्हाला देतो. न्या.

पडद्यामागे

आम्ही २८च मागत होतो. बाकीचे ११०-१२० तुम्हीच ठेवा.

उनाडपाऊस

दोन वेगळी माणसं होती हो. पहिली खेप होकुसाई, बाकी जूरोबेई. कोणी ऐकतच नाही.

निशीकासाईकर

बोरूबहाद्दर, तोयोकुनीच्या त्या मालिकेबद्दल बिनशर्त सहमत. पण एकदा काबुकी बघून या, मग मोठ्या चेहऱ्यांवर पुन्हा बोलू. गिन्झाच्या काबुकी-झाला एकाच अंकाचं स्वस्त तिकीट मिळतं, चौथ्या मजल्यावरचं. तिथून नटांचे चेहरे अंगठ्याएवढे दिसतात. मला पहिल्यांदा तिथे बसूनच कळलं, की खाली जाऊन तोंडाजवळ तोंड नेल्यासारखं मोठं चित्र लोकांना घरी का हवं असेल.

चिंचपेटी

चौथा मजला म्हणजे आपल्याकडची सगळ्यात वरची बाल्कनी की. इंग्रजी सबटायटल्स वगैरे असतात का? मार्चमध्ये ऑफिसकडून टोकियोला जातेय.

निशीकासाईकर

बऱ्याच खेळांना भाड्याने छोटं यंत्र मिळतं, त्यावर येतात. त्या महिन्याचा कार्यक्रम आधी बघून घ्या. आणि कोणी वरून ओरडलं तर दचकू नका, नटाच्या घराण्याचं नाव घेतात.

रेशीमकिडा

अपडेट: भिंगाखाली ठिपके नाहीत, मागे रंग झिरपलाय, गोल खुणा आहेत. बहिणीला किती पैसे दिलेस विचारलं तर सांगत नाहीये.

दादर_पश्चिम

चौकट कसल्या लाकडाची आहे?